खुणेचा कागद

दोन हजार तेवीस साली, थंडी नुकतीच सरली होती तेव्हा, मोजणीदारांचे घर रिकामे करायचे ठरले. मोजणीदार स्वतः आदल्या वर्षी गेले होते. मागे राहिली होती त्यांची बायको, तीन मुले, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजून आलेल्या माणसाच्या घरात असते तेवढे सामान. म्हणजे फार नव्हे, पण प्रत्येक वस्तू आपल्या जागेवर आणि भिंतीशी काटकोनात.

थोरला मुलगा दूरदेशी होता. आपल्याकडे लोक अंथरुणे घालतात तेव्हा तिकडे तो दाढी करत असे. धाकटा दुसऱ्या शहरात अशा नोकरीत होता की जिथे माणसे डोळ्यांवर डबे चढवून, आपापल्या घरी बसून, नसलेल्या खोलीत एकत्र जमतात आणि असलेली कामे करतात. मधली मुलगी, तिला सगळे ताई म्हणत, त्याच गावात होती, आणि आई आता तिच्याकडे राहायला जायची होती. ताईचे घर लहान. आईसाठी तिने एक कोपरा रिकामा केला होता. त्यात एक पलंग आणि एक कपाट बसत होते, आणि मध्ये उभे राहायला आई.

तिघांना एकदम सुट्टी मिळेल असा दिवस सापडेना. वडील गेले तेव्हाही सापडला नव्हता. थोरला येऊन पोचला तोवर सगळे उरकले होते, आणि दाराशी चपला काढताना त्याला वडिलांच्या चपला दिसल्या होत्या. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. पण तेव्हापासून फोनवर तो आईशी फक्त कामाचे बोलत असे.

तर धाकट्याने तोडगा काढला. सामान हलवणारी एक कंपनी होती, तिच्याकडे नवी पद्धत होती. आधी त्यांचा एक माणूस आला आणि हातात यंत्र धरून, काहीतरी हरवल्यासारखा, सगळ्या खोल्यांतून हळूहळू फिरला. त्याने घराचे जसेच्या तसे चित्र उचलले. मग बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर त्याने तळहाताएवढा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद चिकटवला आणि बजावले, "हा हलवायचा नाही. सगळं घर याच्यावर टांगलेलं आहे."

"म्हणजे मोजणीतला खुणेचा दगड," आई म्हणाली.

त्याला तो शब्द ठाऊक नव्हता, पण तो हो म्हणाला. पद्धत अशी होती: भावंडांनी आपापल्या गावी डोळ्यांवर डबे चढवायचे, त्या उचललेल्या घरात शिरायचे, आणि प्रत्येक वस्तूवर हवेत तरंगणारी एक रंगीत चिठ्ठी लावायची. हिरवी म्हणजे जपून आईबरोबर न्यायची. पिवळी म्हणजे दान. निळी म्हणजे बोटीने थोरल्याकडे. लाल म्हणजे भंगार. मग ठरल्या दिवशी कंपनीचा मुकादम साधासा दिसणारा चष्मा लावून खऱ्या घरात येणार, त्याला खऱ्या वस्तूंवर त्याच चिठ्ठ्या दिसणार, आणि तो त्याप्रमाणे सामान हलवणार. कुठली चिठ्ठी कुठे, हे चष्म्याला कळणार ते त्या भिंतीवरच्या कागदावरून मोजून.

चिठ्ठ्या लावायला तिघे भावंडे जमली. फार दिवसांनी ती अशी एका खोलीत आली, आणि कमरेखाली कुणालाच पाय नव्हते. थोरल्याने आपला चेहरा म्हणून निवडलेले चित्र त्याच्यापेक्षा बरेच तरुण आणि केसाळ होते, त्यावरून धाकट्याने त्याला छेडले. खरी ताई खऱ्या खोलीत उभी राहून हवेत बोट दाखवत होती, आणि आई कोपऱ्यात बसून तिचे ते बोट बघत होती. आईला डबा दिला नव्हता. तिला चक्कर आली असती, असे तिघांचे मत पडले.

भिंतीशी ओळीने सामान होते. आधी पुस्तकांची मांडणी, तिला पिवळी चिठ्ठी लागली. मग आईचे आरशाचे कपाट, त्याला हिरवी. मग तिवई. मग सागवानी बाक, तो थोरल्याला हवा होता, म्हणून निळी. आणि शेवटी दाराजवळ चपलांची मांडणी. तिच्यापाशी तिघांची बोटे आली आणि न थांबता पुढे गेली. तिला चिठ्ठीच लागली नाही.

तिवईपाशी मात्र ताईचे बोट थांबले, आणि आईने विचारले, "तिचा रंग कुठला?"

तिवई म्हणजे मोजणीदारांचे जुने मोजणीचे टेबल. तीन लांब लाकडी पाय आणि वर चौकोनी फळी. लग्न होऊन आई त्यांच्याबरोबर पहिल्या मुक्कामी गेली तेव्हा घरात दुसरे काहीच नव्हते. त्या फळीवर त्यांनी उभ्याने पहिले जेवण जेवले. पुढे ती तिवई सरकारी कामातून बाद झाली आणि मोजणीदारांनी ती घरी आणली. रोज सकाळी ते तिच्यावर पाणसळ ठेवत. पाणसळ म्हणजे पितळी पट्टीत बसवलेली काचेची नळी, आत हिरवट पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. एक पाय थोडा बाहेर, दुसरा थोडा आत, असे करत बुडबुडा बरोबर मध्ये आला की ते म्हणत, "आण." मग आई चहा आणत असे. बुडबुडा मध्ये आल्याशिवाय त्या घरात चहा झाला नाही. तापात नाही, पोरांच्या परीक्षेत नाही, आणि ज्या सकाळी दोघांचे बोलणे बंद असे त्या सकाळीसुद्धा नाही. फक्त "आण" ऐवजी ते खोकत.

"लाल," ताई हळूच म्हणाली.

"ती मला हवी आहे."

थोरल्याचा आवाज ताईच्या कानातल्या यंत्रातून सगळ्या खोलीला ऐकू आला. "आई, तिचे पाय बघ केवढे पसरतात. रात्री-अपरात्री उठशील, अडखळशील. मी तुला छान घडीचं टेबल घेऊन देतो."

धाकट्याने दादाच्या म्हणण्याला मान डोलावली. ती मान आईला दिसली नाही. ताई आपल्या घरातल्या त्या कोपऱ्याचा हिशेब करत राहिली. आई म्हणाली, "बरं."

आई जेव्हा "बरं" म्हणते तेव्हा मुलांनी जरा सावध व्हावे. पण त्यासाठी तिचा चेहरा दिसायला लागतो, आणि तिघांच्याही डोळ्यांवर डबे होते.

ठरल्या दिवशी सकाळी मुकादम आला, दोन हमाल घेऊन. आतल्या खोल्या आदल्या दिवशीच झाल्या होत्या; बाहेरची खोली आणि स्वयंपाकघरातली भांडी तेवढी राहिली होती. खाली वेगवेगळ्या गाड्या उभ्या होत्या. मुकादम सभ्य माणूस होता. त्याने आधीच हात जोडून सांगितले की घरच्यांचे तोंडी काही ऐकायचे नाही असा कंपनीचा कडक नियम आहे. एक जण म्हणतो ठेवा, दुसरा म्हणतो काढा, आणि मार खातो हमाल. म्हणून चष्म्यात दिसेल तेच खरे.

त्याच्या मागोमाग काका आले. काका म्हणजे मोजणीदारांचे धाकटे भाऊ, शेजारच्या गल्लीत एकटे राहणारे. भाऊ असताना ते रोज सकाळी येऊन बाकावर बसत. भाऊ गेल्यावरही येत राहिले. कानाचे यंत्र ते खिशात ठेवत, कारण त्यांच्या मते ऐकण्यासारखे आता फारसे कुणी बोलत नव्हते. मुकादमाचा चष्मा बघून त्यांनी आईला विचारले, "घोड्याला झापडं असतात तशी याला का लावलीत?" उत्तराची वाट न बघता ते आपल्या जागी बसले.

ताई स्वयंपाकघरात भांडी गुंडाळत होती. बाहेर मुकादमाने पुस्तकांच्या मांडणीकडे पाहिले. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. तो पुढे गेला. कपाटावर पिवळी होती. हमालांनी कपाट उचलून दानाच्या गाडीत चढवले, आणि ती गाडी संस्थेकडे निघून गेली. ताई बाहेर आली तेव्हा कपाटाची जागा रिकामी होती. गेले आपल्या गाडीत, असे तिला वाटले, आणि वाटणारच.

मग तिने पाहिले की दोघे हमाल तिवईला जुन्या गोधडीत गुंडाळताहेत, बाळंतिणीला गुंडाळावे तसे.

"अहो, ती लाल आहे ना?"

"हिरवी आहे, ताई. जपून न्यायची."

ताई तिथेच उभी राहिली. दादाने रात्रीत रंग बदलला म्हणायचा. बाहेरून एवढा कोरडा झालेला तिचा दादा शेवटी आईचे ऐकून विरघळला. तिने पदराने डोळे टिपले, आणि असल्या गोष्टीची वाच्यता केली की माणूस लाजून परत कोरडा होतो, म्हणून त्याला फोनही केला नाही. ती पुन्हा भांड्यांकडे गेली. तिथेच सगळे चुकले.

कारण मुकादम आता काकांच्या समोर उभा होता. काकांच्या डोक्यावर, बरोबर टाळूच्या वर, लाल चिठ्ठी तरंगत होती. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तो अदबीने म्हणाला, "आजोबा, जरा उठता का?" काका हसले आणि शेजारची जागा थोपटून म्हणाले, "बसा ना."

हमाल कुजबुजले. एकाने विचारले, भंगार कोण, बाक की माणूस? मुकादमाने विचार करून निर्णय दिला की चिठ्ठी वस्तूची असते. माणसाबद्दल चष्म्यात काही लिहिलेले नाही, आणि तोंडी तर काही करायचेच नाही. त्यांनी बाक काकांसकट उचलला. काकांना गुडघ्यांमुळे घराचा जिना उतरणे रोज जड जाई. आज वहिनींनी एवढी सोय केलेली बघून त्यांना भरून आले. जाता जाता त्यांनी स्वयंपाकघराकडे हात हलवला. आईने चहाचे आधण ठेवले होते. तिची पाठ होती.

दाराजवळच्या चपलांच्या मांडणीवर निळी चिठ्ठी होती. बोटीने परदेशी जायची वस्तू म्हणून तिला आधी कागद, मग फेसाळ वेष्टण, मग लाकडी पेटी असा सगळा मान मिळाला, आणि पेटीवर "नाजूक" असे लिहिले गेले.

चहा घेऊन आई बाहेर आली. तिने रिकाम्या जागेकडे पाहिले आणि विचारले, "काका कुठे गेले?"

मुकादमाने खाली बोट दाखवले. भंगाराचा टेम्पो वळणावरून दिसेनासा होत होता.

ताईने दोघा भावांना एकदम फोन लावला. दोघांनी डबे चढवले आणि घरात शिरले.

"अगं, सगळं जागच्या जागी आहे," थोरला म्हणाला. "बाकाला निळी चिठ्ठी आहे."

"दादा, काकांना भंगारात नेलंय."

"काहीतरीच. काका बाकावर बसलेत, मला दिसताहेत."

"अरे, ते मागच्या आठवड्यातले काका आहेत."

यंत्रवाला घर उचलायला आला होता त्या सकाळीही काका नेहमीसारखे बाकावरच होते, त्यामुळे तेही उचलले गेले होते. काय झाले असेल ते धाकट्याला आता उमगू लागले, कारण हे त्याचे रोजचे काम होते. त्याने विचारले, "ताई, तो कागद कुठे आहे? भिंतीवरचा?"

ताईने पाहिले. कागद भिंतीवरच होता, नीट, सरळ, एकही कोपरा न दुमडता. फक्त पूर्वी तो पुस्तकांच्या मांडणीच्या वर होता आणि आता कपाटाच्या रिकाम्या जागेवर होता, आणि त्याला आईच्या शिवणाच्या पेटीतली निळी चिकटपट्टी होती. कागद एका वस्तूएवढा उजवीकडे सरकला होता. त्याच्याबरोबर सगळ्या चिठ्ठ्या एकेक घर उजवीकडे सरकल्या होत्या.

ताईने आईकडे पाहिले. आई कपात चहा ओतत होती.

विचारायला वेळ नव्हता. ताई दाराकडे धावली तर चपला नाहीत. कुठे ठेवल्या असतील म्हणून शोधतही न बसता ती अनवाणीच स्कूटरवर बसली. भंगारवाल्याच्या आवारात, जुन्या फ्रिजांच्या रांगेपुढे, बाक मांडलेला होता. त्यावर काका आणि भंगारवाला शेजारी शेजारी बसून चहा घेत होते. काकांची त्याला आपल्या भावाची निम्मी हकिगत सांगून झाली होती. ताईला बघून ते म्हणाले, "ये, ये. ह्यांच्याकडे ऊन छान येतं."

काका स्कूटरवर बसून परत आले, बाक येणे शक्य नव्हते. उद्या टेम्पो पाठवते, असे ताईने भंगारवाल्याला सांगितले. मग तिने संस्थेला फोन केला. तिथे लोक फार तत्पर होते. कपाट पोचताच उघडले होते, कपडे गरजूंना वाटले होते, कपाट एका लांबच्या वसतिगृहाला गेले होते.

ती घरी आली तेव्हा बाहेरची खोली रिकामी झाली होती. पुस्तकांची मांडणी तेवढी एकटी उभी होती. आई जमिनीवर बसली होती, गोधडीत गुंडाळलेली तिवई तिच्याजवळ आडवी. गाडीत चढवायची ती शेवटची वस्तू होती.

"कपाट संस्थेत गेलं," ताई म्हणाली. "तुझे सगळे कपडे गेले, आई."

"कपडे काय, मिळतील."

"पाणसळ पण होती त्यात." ताई पुस्तकांच्या मांडणीला टेकली. "काचेची वस्तू, फुटेल म्हणून मीच सकाळी तुझ्या कपड्यांच्या घड्यांत ठेवली. संस्थेत विचारलं. कुणी पाहिली नाही म्हणतात."

गोधडीची सुटलेली गाठ आईने पुन्हा बांधली.

"हे नेहमी सांगायचे," ती म्हणाली, "की खूण हलली की सगळी मोजणी हलते. शेजाऱ्याचं शेत आपलं होतं. तेवढं माझ्या लक्षात होतं. पण त्याच्यापुढे आणखी एक सांगायचे, की खूण हलवलीच, तर आधी सगळं परत मोजून घ्यावं. मी अर्धंच ऐकलं, बाळ. अर्धंच ऐकायची मी यांचं."

ताई तिच्याजवळ जमिनीवर बसली. काका आपल्या बाकाच्या जागेपाशी उभे होते. बसायला काही नव्हते. खाली गाडीवाल्याने भोंगा वाजवला.

पुढे ज्याचे त्याचे काय झाले ते असे. कंपनीने एका कागदाऐवजी चारी भिंतींवर कागद लावायला सुरुवात केली. मुकादमाने ती नोकरी सोडून स्वतःचा टेम्पो घेतला. तो आता घरच्यांना तोंडीच विचारतो आणि अधूनमधून मार खातो. पुस्तके घराच्या नव्या मालकांनी ठेवून घेतली. त्यांतली जमीनमोजणीची जाड पुस्तके त्यांच्या सुनेने दाराला टेकू म्हणून लावली, आणि दार अगदी काटकोनात राहते असे ती सांगते.

बाक परत आला नाही. टेम्पो पाठवायच्या आधी काकाच भंगारवाल्याकडे गेले आणि म्हणाले, राहू दे इथेच, आता त्या घरात मला कोण बसू देणार. ते रोज सकाळी जाऊन आपल्या बाकावर बसू लागले. भंगारवाल्याने तो विकायला काढला नाही. काका होते तोवर त्यावर दुसरे कुणी बसलेही नाही. तिथे ते कानाचे यंत्र लावून बसत, असे भंगारवाला सांगत असे.

थोरल्याची पेटी बोटीने पोचायला पावसाळा उलटला. त्याने ती मोठ्या अपेक्षेने उघडली. आत चपलांची मांडणी होती. तिच्यात ताईच्या रोजच्या चपला, एक फाटकी स्लीपर, आणि सगळ्यांत खालच्या फळीवर मोजणीदारांच्या चपला, टाचांना झिजलेल्या, एकमेकींना समांतर. त्याने आईला फोन केला. आधी तो हसला, कंपनीला नावे ठेवली. मग म्हणाला, "आई, बाबांच्या चपला आल्यात." आणि मग बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. मांडणी त्याने आपल्या दाराशी लावली. त्यानंतर तो आईशी बिनकामाचेही बोलू लागला.

धाकट्याने ते उचललेले घर पुसले नाही. एकदा तो ताईकडे आला तेव्हा डबा घेऊन आला आणि आईच्या डोळ्यांवर त्याने तो स्वतः चढवला. चक्कर आली तर सांग, म्हणाला. आईला चक्कर आली नाही. ती त्या घरात सावकाश फिरली. काका बाकावर होते. कपाट होते. तिवईवर पाणसळ होती, आणि तिच्या हिरवट पाण्यात बुडबुडा अगदी मध्ये थांबलेला होता. आईने हात पुढे केला. हाताला ताईच्या घरातली हवा लागली. तिने डबा काढून धाकट्याला परत दिला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण तिथे चहा कुठे मिळतो?"

ताईकडच्या कोपऱ्यात कपाट आले नव्हते, म्हणून त्या जागी तिवई बरोबर बसली. पाय नीट लावता येत नाहीत. ते फक्त मोजणीदारांनाच येत असे, आणि त्यांनाही पाणसळीवाचून आले नसते. ताईने एकदा एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. दुसऱ्या दिवशी ती घडी केराच्या टोपलीत होती. तिवई थोडी कललेलीच राहिली आहे. आई सकाळी तिच्यावर चहा ठेवते, आणि कप अगदी हळूहळू समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकू लागतो. ती त्याला लगेच अडवत नाही. काठाशी येईपर्यंत जाऊ देते, आणि मग धरते.